नाव ठेवणारे आणि नावं ठेवणारे

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन सुरतला गेले, त्या पहिल्या दिवशी मराठी वर्तमानपत्रांचं काम सोपं होतं. ‘नॉट रिचेबल’ लिहिलं की भागत होतं. फोन लागत नाही एवढंच ठाऊक होतं आणि तेवढंच छापलं गेलं. पंचाईत सुरू झाली दुसऱ्या दिवसापासून. आता याला म्हणायचं काय? मातोश्रीच्या बाजूने ‘गद्दार’ आलं. तिकडून उत्तर आलं, आम्ही बंड केलेलं नाही, उठाव केलाय. मधल्यामध्ये आम्ही डेस्कवाले. मी जिल्हा आवृत्तीत उपसंपादक. गुवाहाटी आमच्यापासून कितीही लांब असली तरी पान एक वेळेत सोडावंच लागतं. वृत्तसंपादकांनी ‘बंड’वर शिक्कामोर्तब केलं. म्हणाले, तोच त्यातल्या त्यात मधला शब्द आहे.

मधला कसला! ‘बंड’ म्हटलं की आधी कुणाची तरी रास्त सत्ता असते आणि कुणीतरी ती झुगारलेली असते. ‘उठाव’ म्हटलं की आधी जुलूम असतो. अठराशे सत्तावनला इंग्रजांनी शिपायांचं बंड म्हटलं, सावरकरांनी स्वातंत्र्यसमर म्हटलं, आणि आपण शाळेत ‘१८५७चा उठाव’ म्हणून धडा पाठ केला. शिंदेंबरोबर गेलेल्यांना शब्दाची ही नस बरोबर सापडली होती. त्यांना हवा असलेला अख्खा युक्तिवाद त्या एका शब्दात बसत होता.

पुढे १७ फेब्रुवारी २०२३ला निवडणूक आयोगाने ‘शिवसेना’ हे नाव आणि धनुष्यबाण शिंदेंना दिला. त्यानंतर लगेचच तालुक्यातल्या एका पदाधिकाऱ्याचा फोन आला. “मॅडम, ते कंसातलं ‘गट’ काढा की आता. आम्ही पक्ष हाय. गट त्यांचा.” दुसऱ्या बाजूच्या कार्यकर्त्यांचा राग ‘उबाठा’वर. त्यांच्या पक्षाला मिळालेल्या लांबलचक नावाची ती आद्याक्षरं. मथळ्यात जागा वाचते म्हणून आम्हाला सोयीची, पण विरोधक सभेत ती अशी काही उच्चारायचे की खाली हशा पिकायचा. तोच शब्द आमच्याकडे काटकसर होता आणि स्टेजवर शिवी. आम्ही फोन ठेवायचो आणि एकमेकांकडे बघायचो. कुणाचं ऐकलं तरी दुसऱ्याच्या लेखी आम्ही विकले गेलेले.

हे सांगायचं कारण असं की ‘पोलिटिकल करेक्टनेस’चा विषय निघाला की आपल्याकडे एक गृहीतक न सांगता येऊन बसतं. भाषा मूळची निर्मळ होती, माणसं मोकळेपणाने बोलत होती, आणि मग कुणीतरी अमेरिकेतून येऊन तिच्यात राजकारण कालवलं. शब्दप्रयोग अमेरिकेतला आहे हे खरं. सत्तरच्या दशकात तिथले डावे तो आपापसांत चेष्टेनं वापरायचे, आपल्यातल्याच एखाद्या कर्मठ सोबत्याला चिमटा काढायला. मे १९९१ मध्ये थोरले जॉर्ज बुश मिशिगन विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात त्याविरुद्ध बोलले, तोवर तो पार विरोधकांच्या हातात गेला होता. आपल्याकडे आला तो असा, शिवी होऊनच. म्हणून ‘मी पोलिटिकली करेक्ट आहे’ असं स्वतःबद्दल म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही. ते नेहमी दुसऱ्याबद्दल म्हणायचं असतं, बहुधा ‘फुरोगामी’च्या जोडीने.

“आता बोलायचीसुद्धा चोरी झालीय.” नात्यागोत्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे वाक्य फिरत असतं. ते वाचलं की मला शाळेतला वर्ग आठवतो. ‘आनि’, ‘पानी’, ‘न्हाई’ म्हणणाऱ्या पोरांना बाई उभं करायच्या आणि पुन्हा म्हणायला लावायच्या. वर्ग हसायचा. ती पोरं पुन्हा म्हणायची, पुन्हा चुकायची, आणि काही महिन्यांनी त्यांनी हात वर करणंच सोडून दिलं. त्यांच्या घरी सगळे तसंच बोलत होते. चूक त्यांना शाळेत आल्यावर कळली. ती बोलायची चोरी नव्हती काय? तिला आम्ही ‘शुद्ध बोलणं’ म्हणत होतो. शुद्ध कुठलं आणि अशुद्ध कुठलं हे कुणाच्या घरात बसून ठरलं, हे विचारायची पद्धत नव्हती. आज ‘भाषेवर पहारा नको’ म्हणणाऱ्यांतली बरीच मंडळी तेव्हा पहाऱ्यावर होती.

आणि भाषा ठरवून बदलण्याचा उद्योगही आपल्याकडे आजचा नाही. शिवकाळातला राज्यव्यवहारकोश हा दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठीच झाला. सावरकरांची भाषाशुद्धीची चळवळ उघडउघड राजकीय होती. तिचे ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ आज सगळ्या पक्षांचे नगरसेवक बिनदिक्कत वापरतात. काही शब्द असे मुरतात, काही मुरत नाहीत. पेशव्यांच्या शिक्क्यावर ‘मुख्य प्रधान’ कोरलं गेलं, पण लोकांच्या तोंडी पेशवा तो पेशवाच राहिला. तेव्हा ठरवून शब्द बदलणं वाईट, असं मला म्हणवत नाही. मला विचारावंसं वाटतं ते एवढंच: हा शब्द ज्याच्या अंगाला चिकटणार, त्याला कुणी विचारलं का?

जानेवारी १९३८. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ. लोकल बोर्ड कायद्यात दुरुस्ती करणाऱ्या विधेयकात अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हा शब्द घालायचं ठरलं. शब्द गांधीजींनी रूढ केलेला. त्या नावाचं त्यांचं साप्ताहिक पाच वर्षांपूर्वी पुण्याहून निघालं होतं. हेतू चांगला, उच्चार गोड, वर देवाचं नाव. भाऊराव गायकवाडांनी, म्हणजे पुढच्या काळातल्या दादासाहेबांनी, सभागृहात विचारलं की आम्ही देवाची माणसं, तर मग बाकीची काय राक्षसांची? ज्यांचं नाव ठरतंय त्यांनाच ते नको असताना बहुमताच्या जोरावर लादलं जातंय, हा आक्षेप होता. तो मानला गेला नाही. आंबेडकर आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे त्यांचे सहकारी सभागृहातून उठून गेले.

या प्रसंगाचा विचार करताना मला नेहमी वाटतं, की खेरांच्या बाजूला बसलेल्यांना खरोखरच कोडं पडलं असेल. आपण मान देतोय आणि ही माणसं रागावतायत! गोड शब्दाची हीच तर अडचण असते. तो नाकारणारा उद्धट दिसतो आणि देणाऱ्याचं काही खर्ची पडत नाही. विहीर जिथे होती तिथेच राहते, देवळाचं दारही.

आंबेडकरांनी स्वतः निवडलेले शब्द बघा. १९२० साली ‘मूकनायक’, १९२४ साली ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’, १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’. हे शब्द ऐकणाऱ्याला सुखाने बसू देत नाहीत. बहिष्कृत म्हटलं की कुणीतरी बहिष्कार घातलाय हे आलंच. ‘दलित’ची गोष्ट तीच, तुडवले गेलेले म्हटलं की तुडवणारा आला. १९७२मध्ये मुंबईत पोरांनी पँथर काढली तेव्हा त्यांनी हाच शब्द मिरवला तो उगीच नाही. ‘हरिजन’मध्ये दोषी कुणीच नाही, सगळं हरीवर सोपवलेलं.

१९८२मध्ये केंद्राने ‘हरिजन’ वापरू नका असं राज्यांना कळवलं. मग ऑगस्ट २०१८मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूचना आली: माध्यमांनी ‘दलित’ टाळावं, ‘अनुसूचित जाती’ लिहावं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोरच्या याचिकेतून ती निघाली होती. आमच्या डेस्कवर त्या रात्री चांगलीच जुंपली. एक तरुण सहकारी, ज्याच्या घरात भिंतीवर पँथरच्या मोर्चाचा फोटो आहे, म्हणाला, “अनुसूचित जाती हा फॉर्मातला रकाना आहे. टिक करायला ठीक. पण रकान्याचा कुणी मोर्चा काढतं का?” त्याच्याच शेजारी बसणारा दुसरा, त्याच समाजातला, ठाम म्हणाला की आमच्या घरात ‘दलित’ चालत नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, आम्ही बौद्ध, आम्हाला तुडवलेले म्हणवून घ्यायचं नाही. दोघंही आपापल्या जागी पक्के. ज्याचं नाव त्याला विचारा, हे म्हणायला सोपं आहे. विचारल्यावर एकच उत्तर मिळेल असा करार कुणी केलेला नसतो. शेवटी आम्ही जे करतो तेच केलं. मोर्चा, साहित्य, चळवळ यांच्या बातमीत ‘दलित’, योजनेच्या बातमीत ‘अनुसूचित जाती’, आणि माणसाने स्वतःला बौद्ध म्हटलं असेल तर ‘बौद्ध’. शैलीपुस्तिकेत हे लिहायला गेलं तर अर्धं पान जाईल आणि तरी अपवाद उरतील.

‘दिव्यांग’चंही तसंच. २०१५च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये शब्द सुचवला आणि काही महिन्यांत केंद्रातल्या विभागाचं नाव बदललं. व्हीलचेअर वापरणाऱ्या माझ्या मैत्रिणीला एका कार्यालयात ‘दिव्यांग कक्ष’ पहिल्या मजल्यावर सापडला. लिफ्ट बंद. खाली बसून ती मला फोनवर म्हणाली, “दिव्य शक्ती आहे ना माझ्यात, उडत येईल असं वाटलं असेल त्यांना.” पण तिच्याच संघटनेतल्या एकाला हा शब्द आवडतो. ‘लंगड्या’ म्हणून हाक ऐकत मोठा झालाय तो. त्याच्यासमोर मी शब्दाची चिकित्सा करत बसत नाही.

या सगळ्यात माझ्या डोक्यात घर करून बसलेली गोष्ट मात्र विधवांची आहे, कारण ती आमच्याच भागात घडली. कोल्हापूर जिल्ह्यातलं शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. ४ मे २०२२, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दोन दिवस आधी, तिथल्या ग्रामपंचायतीने ठराव केला. नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं बंद. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांना सांगते, बांगड्या काढत नाहीत, फोडतात. बाईचे हात धरून दगडावर आपटतात. मनगटाला काच लागते, रक्त येतं, आणि हे करणाऱ्या बायका बहुधा स्वतः त्यातून गेलेल्या असतात. ठराव त्या हातांबद्दल होता. बाईला यापुढे काय म्हणायचं, याच्या भानगडीत हेरवाड पडलं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

मग वर्षभराने, एप्रिल २०२३मध्ये, महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांचं सचिवांना पत्र. ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ वापरण्याबाबत प्रस्ताव तयार करावा. महिला संघटनांनी झोड उठवली, तेव्हा निर्णय झालेला नाही, विषय चर्चेसाठी होता, असं स्पष्टीकरण आलं. पण सुचलं हे बघा! ज्या दोन अक्षरांनी आज्या-पणज्यांना आयुष्यभर मांडवाच्या कोपऱ्यात बसवलं, तीच परत मानाची म्हणून. लग्नपत्रिकेत ‘गं. भा.’ लावून नाव ठळक छापायचं आणि हळद लावायच्या वेळी मात्र “तुम्ही जरा मागं व्हा” म्हणायचं. पवित्र म्हणायचं आणि शिवायचं नाही, हे आपल्याला फार जमतं. बायको गेलेल्या पुरुषाच्या नावामागे काय लावायचं याचा प्रस्ताव कुठल्या सचिवाकडे गेलेला नाही. तो ‘श्री.’ होता, ‘श्री.’ आहे.

इतकं माझं मत पक्कं असताना एक गृहस्थ जाहिरात खिडकीवर आले. आईच्या निधनाची छोटी जाहिरात. कागदावर ‘गं. भा.’ होतं, आमच्या ऑपरेटरने सवयीने ‘श्रीमती’ टाइप केलं. प्रूफ बघून ते म्हणाले, “ओ ताई, श्रीमती म्हंजे शाळेतली बाई वाटतीया. आई सगळीकडं गं. भा. लावायची. बँकेच्या पुस्तकावर सुदिक.” मी शेजारीच उभी होते. मांडव, हळद, कोपरा, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. ती बाई शेतात राबून तीन पोरं वाढवलेली, नवऱ्यामागे एकटीने घर चालवलेली. त्या दोन अक्षरांत तिला काय दिसत होतं? कदाचित ‘मी कुणाच्या आधाराने नाही’ हेच. ऑपरेटरला म्हटलं, त्यांनी लिहिलंय तसंच जाऊ दे. बातमीत आम्ही आजही कुणालाच काही लावत नाही, फक्त नाव. सौ. नाही, श्रीमती नाही, श्री. नाही. त्यावरूनही पत्रं येतात की तुम्ही लोकांचा मान ठेवत नाही.

शब्द सुचवणाऱ्यांवर मी इतकं तोंडसुख घेते, पण भाषा बदलायची गरजच नाही असं समजणाऱ्यांशी माझं त्याहून कमी पटतं. त्यांनी आमचं गुन्ह्याचं पान वाचावं. ‘अब्रू लुटली’ हे शब्द किती वर्षं आम्ही छापले! लुटणारा दुसरा, आणि गमावलं मात्र तिने. ‘अतिप्रसंग’ तर असा, की जणू प्रसंग ठीकच होता, फक्त थोडा अति झाला. खैरलांजीचं उदाहरण तर अजून अंगावर येतं. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा, एका दलित कुटुंबातल्या चौघांची गावाने हत्या केली. सुरुवातीच्या दिवसांत ‘अनैतिक संबंधांतून’ हे शब्द फिरले आणि कित्येक दिवस महाराष्ट्राने ती घरगुती भानगड म्हणून ऐकली. पुढे खटल्यात शिक्षा झाल्या, पण अॅट्रॉसिटीचं कलम ना भंडाऱ्याच्या न्यायालयात टिकलं, ना २०१०मध्ये उच्च न्यायालयात. जात हा शब्द पहिल्या दिवशी बातमीतून गळतो, तो नंतर शोधून आणावा लागतो. ‘दोन गटांत वाद’, ‘जुन्या वादातून’, ‘किरकोळ कारणावरून’ ही आमची रोजची तयार वाक्यं. ती कुणालाच दुखवत नाहीत असं आम्हाला वाटतं, कारण ज्याला ती दुखवतात तो फोन करत नाही. ‘गट’ काढा म्हणणाऱ्या पदाधिकाऱ्याकडे आमचा नंबर असतो.

तिथे ‘त्याला विचारा’ हे माझं तत्त्वही लुळं पडतं. दवाखान्यात बेशुद्ध असलेल्या मुलीला कोण विचारणार? पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये असतं ते बातमीदार उतरवतो, बातमीदाराचं आम्ही मथळ्यात घेतो.

परवाचीच बातमी. कोयत्याने वार, मुलगी गंभीर, आरोपी ताब्यात. मथळा आला: ‘एकतर्फी प्रेमातून तरुणीवर कोयत्याने हल्ला’. मी ‘एकतर्फी प्रेमातून’ खोडलं. बातमीदार नवा आहे, हुशार आहे. म्हणाला, “मॅडम, मग कारण काय लिहू? लोक कारण शोधतात.” मी विचारलं, प्रेम होतं हे तुला कुणी सांगितलं? म्हणाला, आरोपीने पोलिसांना सांगितलं. मग त्याने पर्याय दिला: ‘लग्नास नकार दिल्याने तरुणीवर हल्ला’. बघत राहिले. आता दोष थेट तिच्या नकारावर आला होता. त्याच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्याने स्वतःच मान हलवून ते पुसलं. बाकी पान लागलेलं होतं, छपाईवाल्यांचा दुसरा फोन येऊन गेला होता. शेवटी जुळलं ते असं: ‘तरुणीवर कोयत्याने वार, वर्षभर पाठलाग करणाऱ्यास अटक’. दोन कॉलमांत चार अक्षरं जास्त होत होती. ‘कोयत्याने’ काढलं आणि पान सोडलं.